ओली घोंगडी

आक्का, घोंगडी वाळली. वाळून तेरा दिवस झाले, तुला सांगायचं राहिलं.

कुणाला फोन करून सांगू? तुझा नंबर अजून माझ्या मोबाईलमधी हाय, 'आक्का कासुर्डी' असा. काल दोनदा त्याच्यावर बोट गेलं. दुसऱ्या खेपेला लागलाबी. तुझ्या सुनेनं उचलला. रूपाली "हॅलो मावशी" म्हणाली तर मी घाईघाईनं म्हणाले, "चुकून लागला गं." तिला काय कळत न्हाई व्हय? "असू दे, बोला की," म्हणाली बिचारी. मला तुझ्याशी बोलायचं होतं. तिच्याशी काय बोलू, डोंबल?

परवा तुझं तेरावं उरकून मी निमोण्याला परत आले. घोंगडी संगं आणली. ओसरीवरच्या बाजेवर ती पडलीय आन् मी तिच्याकडं पाठ करून हे लिहितेय. अंगणवाडीची रजिस्टरं भरून भरून माझा हात वळणदार झालाय. तू म्हणायचीस, "शेवंते, तुला लिहाया येतं म्हणून तुला वाटतं सगळंच येतं." न्हाई गं येत सगळं. एक घोंगडी वेळेवर वाळवता आली न्हाई मला. मेंढक्याची पोर मी, आन् लोकर वाळवता आली न्हाई.

आबांची एवढी एकच वस्तू आपल्या दोघींत राहिली होती. लोकर आपल्याच मेंढरांची, सूत आईनं कातलेलं, आन् सणगराकडनं विणून आणलेली. काळीभोर, दोन्ही कडांना पांढरी धार. आबा गेले तवा कुणीतरी शहाण्यानं सांगितलं, दोघी बहिणी हायेत, मधनं फाडून अर्धी अर्धी घ्या. तू असली नजर टाकलीस त्याच्यावर! "घोंगडी फाडत असत्यात व्हय?" मग तूच पाळ्या लावल्यास. एक वर्ष निमोण्याला, एक वर्ष कासुर्डीला. दसऱ्याला घरं बदलायची. आन् नियमबी तूच केलास, की देताना धुऊन द्यायची, एकीच्या घरची धूळ दुसरीच्या घरी न्यायची न्हाई.

आबांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. त्यांच्या हयातीत घोंगडीला पाणी लागलं ते पावसाचं. ते म्हणायचे, कातरायच्या आधी मेंढरू नदीत धुतलं तवाच घोंगडी धुऊन झाली, आता परत कशाला तिला आंघोळी घालता? पण आपण काय मेंढरांमागं राहिलो न्हाई. तू कासुर्डीला फरशीच्या घरात गेलीस, मी निमोण्याला ऊस-कांद्याच्या घरात आले. घरातल्या बायांना धुतल्याशिवाय चैन कुठं पडतंय? घट बसायच्या आधी गोधड्या, वाकळा, पडदे सगळं काढायचं, सगळं धुवायचं, घर उघडंबोडकं करून टाकायचं. दसरा काढायचा म्हंजी काढायचा. त्यातच घोंगडीचा एक दिवस.

त्या एका दिवसासाठी मी वर्ष काढायची, हे मी तुला कवा सांगितलं न्हाई.

तू रिठे आदल्या दिवशी फोडून भिजत घालायचीस. माझ्याकडं आलीस तर घोडनदीवर, मी तुझ्याकडं आले तर कॅनॉलवर. गार पाण्यातच. धोपटायची न्हाई, पिळायची न्हाई, ब्रश तर लावायचाच न्हाई. पायानं तुडवायची. आन् त्यातबी तुझं शास्त्र. "टाच नको, चवडा! शेवंते, चवडा म्हणते ना मी! द्राक्षं चिरडतीस का काय?" साठीला आलेल्या बाईला असं बोलायचं का चार लोकांत? पण तू बोलायचीस आन् मी चवडा टेकवायची.

ओली घोंगडी म्हंजी पाण्यात पडलेलं रेडकू. एकटीच्यानं उचलतच न्हाई. दोन टोकं तुझ्या हातात, दोन माझ्या. मग एका जुन्या धोतरावर ती पसरायची, धोतरासकट गुंडाळायची, आन् त्या गुंडाळीवर आपण दोघी उभ्या राहायचो, समोरासमोर, एकमेकीच्या खांद्याला धरून. पायाखालनं पाणी पचापच निघायचं. तू जाड, मी हडकुळी. तू एका टोकावर पाय दिलास की मी दुसऱ्या टोकाला उचलली जायची. एकदा दोघी आडव्या झालो, घोंगडीसकट, आन् तू उठायच्या ऐवजी तिथंच हसत पडलीस. "आगं उठव मला, उठव," म्हणत होतीस आन् मला उठवायला बळ कुठलं, माझंच पोट दुखायला लागलं होतं. तसं मी त्यानंतर हसले असंन का? आठवत न्हाई.

दोरीवर टाकायची न्हाई, आपल्याच वजनानं लोंबती. बाजेवर आडवी पसरायची, सावलीत, वारा खालनंबी लागंल अशी. इथं आपली दर वर्षी भांडणं. तू म्हणायचीस घटकाभर ऊन दाखव, मी म्हणायची उन्हानं लोकर कडक होती. तू म्हणायचीस मेंढी काय छत्री घेऊन हिंडती का? मी म्हणायची मेंढी जिती असती, तिच्या अंगाला तेल असतं. "आली मोठी मास्तरीण!" ह्याचा निकाल लागला न्हाई आक्का. आता लागणारबी न्हाई.

आन् त्या स्वेटरवरनं तर तू मला जन्मभर खाल्लंस. माझा थोरला पहिलीत होता तवा त्याला शिरूरहून चांगलं लोकरीचं स्वेटर आणलं होतं. मी ते पाटाच्या गार पाण्यात कशाला धुऊ म्हणून बंबातल्या कढत पाण्यात सोड्यासंगं बुचकळलं, वर काठीनं ढवळलं. निघालं ते एवढंसं, जाड, लाकडागत. पोरगं रडायला लागलं. तू नेमकी त्याच दिवशी आलेली. हातात धरून उलटंपालटं करून बघितलंस आन् म्हणालीस, "मांजरीला होईल गं. तिला थंडी लई असती." लोकरीला कढत पाणी आन् रगडणं सोसत न्हाई, ती आक्रसती, एकदा आक्रसली की बापाला परत ओळखत न्हाई, हे तू मला त्या दिवशी शिकवलंस. पण शिकवण्याआधी हसलीस. तुझं तसंच. आधी नाव ठेवायचं, मग हात धरून दाखवायचं. दुसऱ्याच आठवड्यात पोराला नवं स्वेटर तूच विणून धाडलंस, एक बाही दुसरीपेक्षा बोटभर लांब. मी त्याला नाव ठेवलं न्हाई. ठेवायला पायजे होतं, तुला बरं वाटलं असतं.

आता गेल्या वर्षीच्या दसऱ्याचं. ते मला बोलायचं होतं तुझ्याशी आन् तू बोलायला ठेवलं न्हाईस मला.

त्या दसऱ्याला घोंगडी तुझ्याकडनं माझ्याकडं यायची होती, म्हणून मी कासुर्डीला आले. येताना शिरूरच्या दुकानातनं लोकरीच्या कपड्यांचं लिक्विड आणलं, निळ्या बाटलीतलं. तुझी बोटं तवा वाकडी व्हायला लागली होती. रिठे फोडताना तू फुंकर घालत होतीस बोटांवर, मी आदल्या खेपेला बघितलं होतं. तेवढ्यासाठी आणलं गं. पण हे मी बोलले का? न्हाई. मी काय बोलले, तर "जग कुठं गेलं आन् तू अजून रिठ्यातच." तू बाटली उघडलीस, हुंगलीस, आन् कॅनॉलवरच्या बायांदेखत उपडी केलीस पाण्यात. फेस निघाला यवतच्या दिशेनं. "बघा गं बायांनो, मेंढीला अत्तर लावायला निघालीय माझी बहीण!" सगळ्या हसल्या. मलाबी हसता आलं असतं. पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी म्हणाले, "पुढच्या खेपेला माझी मी धुईन. तू येऊ नको."

गुंडाळीवर उभं राहताना तू माझ्या खांद्याला धरलंस आन् मी तुझ्या खांद्याला धरलं न्हाई. हात कमरेवर ठेवून उभी राहिले, मोठी पाटलीण. तुझा तोल जात होता. मला दिसत होतं.

वर्षभर फोन झाले आपले. पाऊस झाला का, कांदा निघाला का, तुझ्या दत्ताच्या पोरीचं काय. घोंगडीचं नाव तू काढलं न्हाईस, मी काढलं न्हाई. मग श्रावणात तुझे डोळे पिवळे झाले. दत्ता तुला पुण्याच्या दवाखान्यात घेऊन हिंडला. दसऱ्याच्या आधी घरी आणलं आन् मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, आता घरीच ठेवा म्हणत्यात." पोरगं मायेचं हाय तुझं. एवढं सांगताना त्याचा आवाज हलला न्हाई, पण चपला उलट्या पायात घालून निघालं.

दसरा आला. पाळी तुझी होती. घोंगडी धुऊन तुझ्याकडं पोचायला पायजे होती. मी दोनदा येऊन गेले तुला बघायला, दोन्ही खेपांना मोसंबी घेऊन आले. घोंगडी न्हाई आणली. आजारी माणसापुढं कुठं तो विषय, असं मी मनाला सांगितलं. खोटं हाय ते. मला वाटत होतं तू मागशील. तुला वाटलं असंल, मी आणीन. बघ कशा बापाच्या पोरी आपण.

आन् मग मागितलीस. मार्गशीर्षातला गुरुवार होता. मी अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढत होते तवा तुझा फोन आला. आवाज इतका बारीक की आधी मी वळखलंच न्हाई.

"शेवंते, घोंगडी हाय का?"

"हाय की. कुठं जातीय?"

"आण. गार लागतंय मला."

"आणते. रविवारी येते, धुऊन घेऊन."

"धुऊ नको."

"आता गं?"

"धुऊ नको. हाय तशी आण."

"हाय तशी कशी आणू? परत म्हणशील निमोण्याची धूळ आणली."

"न्हाई म्हणत. आण तू."

एवढंच. फोन ठेवलास.

मी काय केलं असतं तर ते बरोबर झालं असतं, हे शेंबडं पोरबी सांगंल. पातेलं खाली ठेवायचं, घरी जायचं, घोंगडी काखोटीला मारायची, न्हावऱ्याची जीप धरायची. दिवस मावळायच्या आत मी तुझ्यापाशी असते. तू पाच दिवस ऊबेत निजली असतीस. पण मी तुझ्या बोलण्यावर इश्वास ठेवला न्हाई. जन्मात तू कवा नाव ठेवल्याशिवाय काय घेतलंस? मला वाटलं, बघती माझी. आजारपणातबी बघती. अंथरुणावरनं उचलून कड डोळ्याला लावशील आन् रूपालीला म्हणशील, "बघ गं, तुझी मावशी. धुवायची अक्कल न्हाई म्हणून न धुताच आणली." मग मी ठरवलं, अशी धुते की तू बोट ठेवशील तिथं बोट ठेवायला जागा नको.

अंगणवाडीतनं आले ती पदर खोचून बसले. रिठे तुझेच होते, तू मागं दिलेल्या पिशवीतले. हौदापाशी गार पाण्यात एकटीनं तुडवली. चवडा, आक्का, चवडाच टेकवला. चार पाण्यातनं काढली, पाणी निवळशंख निघंपर्यंत. आमचे मालक रानात ऊसतोडीच्या टोळीमागं होते, तवा उचलायला कुणी न्हाई. फरपटत धोतरावर नेली. गुंडाळी केली, वर उभी राहिले, आन् धरायला खांदा न्हाई. भिंतीला धरलं. भिंतीला धरून काय जोर लागतोय? अर्धं पाणी आतच राहिलं. मी म्हटलं, जाऊ दे, दोन दिवस कडक वारं हाय, वाळंल.

शुक्रवारी सकाळी आभाळ आलं. भर थंडीत, अवकाळी. धुकं असं की समोरचा गोठा दिसंना. बाजेवर पसरली, दुपारी उलटली, संध्याकाळी उलटली. खालनं हात लावला की गारेगार. शनिवारी भुरभुर सुरू झाली. ओसरीवर घेतली. अंगणवाडीतला टेबलफॅन आणून तिच्या बाजूला लावला, लाईट गेली. रविवारी दत्ताचा फोन, "मावशी, कवा येतीस? आई विचारतीय." मी म्हणाले, "आभाळ हाय रे. मंगळवारी येते." तो म्हणाला, "बरं." मागनं तुझा आवाज आला, काय बोललीस ते कळलं न्हाई. विचारलं असतं तर दत्तानं सांगितलं असतं. मी विचारलं न्हाई. मी घोंगडी उलटत होते.

सोमवारी सकाळी रूपालीनं फोन केला. "मावशी, असाल तशा निघा."

युरियाच्या मोकळ्या गोणीत घोंगडी भरली. न्हावऱ्यापर्यंत जीप, तिथनं एसटीनं चौफुला, मग हायवेला सहाआसनी. मांडीवर गोणी. गोणीतनं पाणी झिरपून माझं लुगडं मांडीपाशी ओलं झालं. शेजारची बाई म्हणाली, "मासळी हाय का मावशी?" मी म्हणाले, "न्हाई, बहिणीची घोंगडी हाय."

तू पुढच्या खोलीत होतीस. तुझ्या अंगावर दोन सोलापुरी चादरी आन् वर ते गुबगुबीत मिंक ब्लँकेट, मोठाल्या गुलाबांचं. रूपाली म्हणाली, घाम येतोय पण थंडी जात न्हाई म्हणत्यात. तुझा चेहरा केवढासा झाला होता. माझ्या पोराच्या स्वेटरागत आक्रसला होता गं. मी गोणी सोडली. घोंगडीची कड तुझ्या हाताशी नेली. तू डोळे उघडले न्हाईस, बोटांनी चाचपलीस. पांढरी धार सापडल्यावर तिथं थांबलीस.

"ओली हाय," म्हणालीस.

"व्हय आक्का. आभाळ हाय ना. वाळतच न्हाई मेली."

"असू दे. टाक."

रूपाली माझ्याकडं बघायला लागली. मी म्हणाले, "ओली कशी टाकू आजारी माणसावर? उद्यापर्यंत वाळंल बघ. उद्या टाकते. उद्या पक्की."

तू हात काढून घेतलास आन् ब्लँकेटच्या आत नेलास. तोंड फिरवलंस का मानच कलली, मला कळलं न्हाई. मी आजपर्यंत तोच इचार करतेय. रागावलीस का दमलीस? तेवढं सांग. बाकी काय मागत न्हाई.

दत्तानं घोंगडी गच्चीवर पत्र्याच्या शेडखाली बाजेवर टाकली. मी तुझ्या उशाशी बसले. बोलायचं होतं. ते लिक्विड तुझ्या बोटांसाठी आणलं होतं, एवढं एक वाक्य. जिभेवर आलं आन् मला वाटलं, उद्या घोंगडी टाकताना बोलू, तवा बरं दिसंल. मंगळवारी सकाळी चहा ठेवायच्या वेळी आभाळ फाटलं आन् लख्ख ऊन पडलं. मला केवढा आनंद झाला! मी पळत गच्चीवर गेले, घोंगडी शेडखालनं ओढून उन्हात घेतली. उन्हात, आक्का. तुझ्या म्हणण्याप्रमाणं. एक बाजू झाली, दुसरी उलटत होते, तवा खालनं रूपालीचं रडणं ऐकू आलं.

मी तुझ्यापाशी नव्हते. मी वर घोंगडी उलटत होते.

तुला नेलं. त्या दिवशी ऊन असं कडक की बाया पदर डोईवर घेत होत्या. बुधवारी दुपारी मी वर गेले आन् हात लावला. वाळली होती. मऊ, हलकी, कुठं डाग न्हाई, कुठं ओलावा न्हाई, धार पांढरीफेक. एवढी चांगली आपण दोघींनी मिळूनबी कवा धुतली न्हाई. मी तिथंच फतकल मारून बसले.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं घरी आली. दाजींनी दत्ताला वरनं घोंगडी आणायला लावली. "आल्यागेल्याला बसायला टाक," म्हणाले, आन् आधी स्वतःच तिच्यावर टेकले. तुझे मालक म्हंजी तुला ठावं, चाळीस वर्षांत बायकोच्या बहिणीशी चाळीस वाक्यं बोलले नसतील. रूपालीनं चहा दिला. त्यांचा हात थरथरतो हल्ली. निम्मा कप घोंगडीवर सांडला, पांढऱ्या धारेवरच. मी धडपडत उठले, "आणा, आणा, लगेच धुते, डाग बसंल." त्यांनी माझा हात धरला. धरायची त्यांची रीत न्हाई, पण धरला.

"राहू दे शेवंता. किती धुशील?"

मी खाली बसले. मग ते माझ्याकडं न बघता म्हणाले, "तुझा बाप पावसाळाभर ओल्याच घोंगडीत निजायचा. त्यानं मेला व्हय तो कवा?"

टोचून बोलले न्हाईत. आठवलं म्हणून बोलले. पण माझ्या डोसक्यात वीज पडल्यागत झालं.

मला ठावं होतं, आक्का. हे मला ठावं होतं! मेंढरं बसवलेली कुणाच्या तरी रानात, वरनं पाऊस, आपल्याला ना छप्पर ना झाड. आबा हीच घोंगडी आपल्या दोघींवर टाकायचे आन् स्वतः काठीला टेकून उभे राहायचे. चिंब ओली घोंगडी. तू कडेला, मी आतल्या अंगाला, कारण पाणी कडेनं आत यायचं. मी चुळबुळ करायची आन् तू माझ्या कानात म्हणायचीस, "हालू नको. लोकर ओली झाली तरी ऊब सोडत न्हाई. निस्तं हालायचं न्हाई." खरंच ऊब यायची. जरा वेळानं यायची, आन् आली की जात नव्हती. तुझ्या अंगाची आन् मेंढीच्या लोकरीची. मी झोपायची आन् तू जागी असायचीस. माझ्यासाठी कडेला निजणारी तू एकटीच, जन्मात दुसरं कुणी निजलं न्हाई.

तुला तेच पायजे होतं. "असू दे. टाक." तू शुद्धीत होतीस, बरळत नव्हतीस. आन् मी फरशीच्या घरातल्या बाईसारखी वागले, ओलं लागलं की सर्दी होती म्हणणारी. धुऊ नको म्हणालीस, मी धुतली. टाक म्हणालीस, मी टाकली न्हाई. दोनदा मागितलंस तू मला. जन्मात कवा काय मागितलं न्हाईस, आन् मागितलंस ते दोनदा, आन् दोन्ही खेपांना मी तुला न्हाई म्हणाले. गुलाबाच्या ब्लँकेटात गारठत गेलीस तू, डोईवरच्या गच्चीत घोंगडी असताना.

लोक म्हणत्यात, त्रासातनं सुटली. म्हणत्यात, तुम्ही शेवटी पोचलात, नशीब. दत्तानं तर माझ्या पायावर डोकं ठेवलं. त्याला हे सांगितलं न्हाई मी. रूपालीला ठावं हाय, ती बोलणार न्हाई. माझ्या मनाला वाटतं ओरडून सांगावं, आन् मग वाटतं कुणाला काय त्याचं? घोंगडीच तर हाय. एक म्हातारी गेली, तिच्या बहिणीला घोंगडी टाकायची राहिली, ह्यात रडण्यासारखं काय, असं म्हणतील. तुझ्याशिवाय हे कुणाला कळंल? आन् तू असतीस तर म्हणाली असतीस, "झालं का रडून? जा, चहा टाक."

निघताना रूपालीनं घोंगडी घडी घालून माझ्या हातात दिली. "मावशी, यंदा आत्याबाईंची पाळी होती. पण आता तुम्हीच न्या." मी नको म्हणाले, मग घेतली. तिचं काय चुकलं? चहाचा डाग धारेवर तसाच हाय, वाळून पिवळा पडलाय. परवापासनं माझे हात शिवशिवतायत. जुनी सवय. रिठ्याची पिशवी काढली, फोडायला दगडबी घेतला, आन् परत ठेवून दिला.

पुढल्या दसऱ्याला घर काढीन. गोधड्या धुईन, पडदे धुईन. हिला पाणी लावणार न्हाई. लावून करू काय? दुसरी दोन टोकं कोण धरणार?

ही बाजेवर हाय बघ. पाळी तुझी हाय, दसऱ्यापासनं तुझीच. धुतलेली न्हाई आक्का, डाग हाय. हाय तशी हाय. ये आन् घेऊन जा.